बंकटदादाची धाप

दिंद्रुड

बंकटदादास,

अंजनाचा नमस्कार. दुष्काळामुळं मी माझ्या लेकीला, सुमनला घेऊन माहेरीच हाय. दूध सोसायटीनं गावात जनावरांची छावणी काढलीय. तिथं कडबा उतरवताना सुमनचा श्वास कोंडला, छातीतून शिट्टीवानी आवाज यायला लागला. मी आन् आप्पांनी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला दमा आहे का? तो घराण्यात उतरतो."

मी तुझं नाव घेणार, तेवढ्यात आप्पा म्हणले, "मला लहानपणापासून धुळीनं शिंका येतेत, अंगाला खाज सुटते."

"शिंका, खाज आणि दमा, बहुतेक एकाच घरात फिरतात," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर आप्पांनी मला विचारलं, "बंकटला बी ह्योच तरास आसंल का गं? कडब्यात धापा टाकायचा, आन् मी त्याला कामचुकार म्हणून घराबाहेर काढलं."

"व्हय आप्पा," मी म्हणलं.

डॉक्टरांनी दिलेल्या दम्याच्या पंपानं सुमनला आता बरं हाय. तुझा पत्ता न्हाई, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. दादा, जिथं असशील तिथं दवाखान्यात जा.

आप्पा आता छावणीत येणाऱ्या हरेक ट्रकवाल्याला तुझा फोटो दाखवून विचारतेत, "माझं पोरगं आजारी हाय. त्याला कुठं बघितलं का?"

तुझी बहीण,
अंजना