झेटाचं नाव साफ होईपर्यंत

चॅटनूगा, टेनेसी
९ जानेवारी २०२२

चि. झेटास अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण एकच. मी 'वकील' म्हटलं की तू रडतेस आणि फोन ठेवतेस. पत्र तुला मध्येच बंद करता येणार नाही.

तुझी नात नाताळपासून परक्या घरात आहे. तुझी लेक लाट्रिस व्यसन सोडायच्या उपचाराला गेली, हे तिने चांगलंच केलं. पण ती बरी होईपर्यंत कॅमिया आजीजवळ हवी. काउंटीच्या बालकल्याण खात्याची बाई तुझ्या घरी आली, पाळणा पाहिला, जिना पाहिला, सगळं पसंत केलं, आणि मग तुझं नाव संगणकात घालून म्हणाली, जमणार नाही. लाट्रिसच्या बापाने, त्या वेंडलने दिलेले खोटे चेक तू अठ्ठावीस वर्षांपूर्वी बँकेत वटवलेस, तो गुन्हा अजून तुझ्या नावावर उभा आहे.

तू म्हणतेस, असलं काही सात वर्षांत आपोआप पुसलं जातं, सगळेच सांगतात. कोण सगळे? पार्लरात केस सरळ करून घ्यायला बसलेल्या बायका? आपल्याकडे कायदा ड्रायरखाली बसून शिकतात. आपोआप काहीही पुसलं जात नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, वकील उभा राहावा लागतो आणि न्यायाधीशाला पटावं लागतं.

मी चौकशी केली आहे. सॅगिनॉच्या ग्रंथालयात दर मंगळवारी फुकट सल्ला देणारे वकील बसतात. त्यांच्यातल्या मिस टिमन्सशी मी स्वतः फोनवर बोलले. कॅमियाने कायमचं कुठे राहायचं ते जूनमध्ये ठरणार आहे. तुझं नाव त्याआधी साफ झालं नाही, तर ती त्या घरची झाली असं समज. मंगळवारी जा. इस्त्रीचा ब्लाउज घाल, आणि तो जांभळा विग घरी ठेव.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, नाहीतर कान धरून घेऊन गेले असते.

लोभ आहेच, पण उत्तर आलं तर टिकेल.
तुझी ताई,
आयडेला


सॅगिनॉ, मिशिगन
२७ जानेवारी २०२२

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेले होते. विग घातला नव्हता. डोक्याला थंडी वाजली त्याचं पाप तुझ्या माथी.

मिस टिमन्स अगदी पोरसवदा आहे, पण प्रश्न तुझ्यासारखे विचारते. म्हणाली, गुन्हा कबूल का केलात? मी सांगितलं, कोर्टाने दिलेला वकील म्हणाला सही कर आणि घरी जा. लाट्रिस पोटात होती, मला घरीच जायचं होतं. ती म्हणाली, या टेबलावर मी हे रोज ऐकते.

अर्जाला बोटांचे ठसे लागतात. पोलीस ठाण्यातल्या माणसाने माझी बोटं काचेवर दाबून पाहिली, फिरवून पाहिली, काही उमटेना. हॉटेलच्या धुलाईत इतकी वर्षं ब्लीचमध्ये हात घातल्यावर काय उरणार? तो म्हणाला, मॅडम, तुमची बोटं कोरी आहेत. मी म्हटलं, बाबा, बोटं कोरी झाली, नाव तेवढं राहिलं. तो हसला, पण ठसे काही आले नाहीत.

ताई, एक गोष्ट मात्र माझ्याच्याने होणार नाही. एक चेक एका म्हाताऱ्या विधवेच्या खात्यावरचा होता, म्हणून सरकारी वकील हरकत घेणार आहेत. मिस टिमन्स म्हणते, तुम्हाला ओळखणारी माणसं कोर्टात आणा, आणि त्याआधी त्यांना सगळं खरं सांगा. आमच्या चर्चच्या मंडळीत हे कोणालाही ठाऊक नाही. रविवारी पांढरे हातमोजे घालून मी दारात उभी असते, दानाचं ताट माझ्या हाती देतात. चेकची गोष्ट कळल्यावर ते ताट माझ्याकडे कोण देईल? दुसरी काही वाट असेल तर लिही.

गुडघ्याला जप. माझ्यावर रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
झेटा


चॅटनूगा
२ फेब्रुवारी २०२२

चि. झेटास आशीर्वाद.

दुसरी वाट नाही.

ठशांचं आधी सांगते. धुलाईत आठवडाभर इस्त्रीचं काम मागून घे, ब्लीचला हात लावू नकोस. झोपताना हाताला व्हॅसलीन चोपड आणि सुती मोजे चढव. मग परत जा. नाही आले तर पुन्हा जा. तो माणूस कंटाळेल, तू कंटाळायचं नाहीस.

आता ताटाचं. काढून घेतलं तर घेऊ दे. ताट धरायला मंडळीत दुसरी कोणीही मिळेल. कॅमियाला दुसरी आजी आहे का? तिला दात येत असतील, ती रात्र रात्र रडत असेल, आणि तिला थोपटणाऱ्या बाईला आपलं एकही गाणं ठाऊक नसेल.

चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की तू दर रविवारी उभी राहतेस आणि देवाने तुझी कंबर कशी बरी केली ते सांगतेस. तुझ्या कंबरेचा इतिहास आता मंडळीला पाठ असेल. या खेपेला दुसरं सांग. त्या विधवेचं नाव घेऊन सांग. वेंडलच्या मागे लपू नकोस. बँकेच्या खिडकीशी तू उभी होतीस.

मी कठोर आहे हे मला माहीत आहे. तू मऊ आहेस, त्याचा फायदा वेंडलला झाला, आता कॅमियाला होऊ दे.

लोभाची काळजी नको. तो पाळण्यापासूनचा आहे.
आयडेला


सॅगिनॉ
२८ एप्रिल २०२२

ती. ताईस सा. न. वि. वि.

ठसे तिसऱ्या खेपेला उमटले हे फोनवर सांगितलंच होतं. बाकीचं मुद्दाम ठेवलं होतं. पत्रात मला मध्येच कोणी दटावत नाही.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी मी उभी राहिले. अल्मा वॉरफील्ड, असं त्या विधवेचं नाव घेतलं. चेक वटवला, पैसे खर्च केले, आणि तिला तोंड दाखवायला कधी गेले नाही, हेही सांगितलं. ताई, आमच्याकडे कोणी शिंकलं तरी लोक आमेन म्हणतात. त्या दिवशी एक आवाज आला नाही. हातातले पंखे हलायचे थांबले. मी खाली बसले. मग वडीलधाऱ्या बायकांच्या पुढारी मदर ग्रिग्ज काठी टेकत उठल्या आणि त्यांनी विचारलं, सुनावणी किती वाजता आहे? बास, एवढंच. ताटही माझ्याच हाती दिलं. वर म्हणाल्या, आता तूच धर, आता तुझ्यावर सगळ्यांचा डोळा आहे.

मंगळवारी त्या सगळ्या वडीलधाऱ्या बायका पांढऱ्या पोशाखात, हॅटा घालून कोर्टात हजर. शिपाई म्हणाला, हॅट काढा. मदर ग्रिग्ज म्हणाल्या, देवासमोर घालते ती तुझ्यासमोर का काढू? मिस टिमन्सने हात जोडले, तेव्हा हॅटा मांडीवर आल्या. तिने बजावलं होतं, तोंडातून आवाज काढायचा नाही. पण ती बोलायला लागली, आवाज चढत गेला, आणि त्यांच्यातल्या मदर यूलेलना वाटलं प्रवचनच सुरू झालं. आधी आमेन, मग सांग पोरी, सांग. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला आणि त्या म्हणाल्या, आता कोणी बोललं तर बाहेर काढीन.

मग सरकारी वकील उठले. म्हणाले, या बाईने हे इतकी वर्षं आपल्याच लोकांपासून लपवलं, हा कसला पस्तावा? मागे बसलेल्यांना आपण कशासाठी आलो हेसुद्धा माहीत नसेल. त्यावर मागून खणखणीत आवाज आला, की खोटं आहे ते. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कोण बोललं, उभं राहा. मदर ग्रिग्ज उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं सगळं. कॅमिया गेली.

बाईंनी विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे? मदर ग्रिग्ज म्हणाल्या, अल्मा वॉरफील्डचा चेक माहीत आहे, ही खिडकीशी उभी होती ते माहीत आहे. हिने भर मंडळीत उभं राहून सांगितलं, आणि आमच्यातलं कोणी तेव्हा आमेन म्हणालं नाही. त्याची लाज वाटत होती, म्हणून ते आमेन आज तोंडातून निघालं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. सरकारी वकिलांना विचारलं, आणखी काही? ते बसले. बाई म्हणाल्या, गुन्हा रद्द करते, नोंद काढून टाका. आणि मागच्या बाकांनी खाली रस्त्यावर जाईपर्यंत गप्प राहावं.

राहिल्या. लिफ्टपर्यंत.

तुझी,
झेटा


चॅटनूगा
४ मे २०२२

चि. झेटास आशीर्वाद.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारणीला वाचून दाखवलं, आता बास.

निकाल लागला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. आदेशाच्या शिक्क्याच्या प्रती घे. एक काउंटीच्या बाईच्या हातात दे, टपालाने नको. तिची पोच घे. तिने पाळणा पुन्हा बघायचा म्हटलं तर बघू दे, तोंड वाकडं करू नकोस. मिस टिमन्सला पीच कॉबलर करून ने, आणि साखर कमी घाल. कॅमियाला आणशील त्या दिवशी काय दिलंस आणि काय मिळालं ते तिथल्या तिथे लिहून मला पाठव. तू आनंदात सगळं विसरशील.

लोभ वाढलाय. डोक्यावर चढू नकोस.
आयडेला


सॅगिनॉ
१० जून २०२२

ती. ताईस सा. न.

गाडीतच लिहितेय, अक्षर समजून घे.

दिलं: कोर्टाच्या आदेशाची शिक्क्याची प्रत, काउंटीच्या बाईच्या हातात. तिने सही केली.

मिळालं: कपड्यांची एक पिशवी. कानात घालायच्या थेंबांची बाटली, अर्धी भरलेली. एक बूट, दुसरा त्या घरी सापडला नाही. त्या घरच्या बाईने दिलेली पिवळी चादर. देताना ती बाई रडत होती, म्हणून मी नको म्हटलं नाही.

कॅमिया रोझेटा पेटवे, वय तेरा महिने, झोपलेली.

पोचली.

झेटा