टायरवरच्या आठ तारखा

मोनाली,

तू ड्यूटीवरून येऊन झोपलीस, म्हणून उठवलं नाय. फारूखभाईच्या रिक्षानं पायाच्या व्यायामाला चाललोय. जेवायला घरीच आहे.

पाय मोडल्यापासून आज पहिल्यांदा काठी घेऊन फियाटजवळ गेलो. उभ्या गाडीचे टायर एका बाजूनं बसू नयेत म्हणून मी दर पंधरा दिवसांनी ती थोडी ढकलायचो आणि टायरवर खडूनं तारीख टाकायचो. चार महिने ते राहूनच गेलं, असं धरून चाललो होतो. बघतो तर तुझ्या अक्षरात आठ तारखा. लई बरं वाटलं, पोरी. गाडी विकून टाका म्हणालीस तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता, ते मनात ठेवू नको.

नुसतं ढकलून भागत नाय. महिन्यातून एकदा इंजिन चांगलं तापेस्तोवर चालवायची. ऑइल वर्षाला बदलायचं, गाडी चालो न चालो. आपण चौदा एप्रिलच्या आधी बदलतो.

चावी तुझ्या डब्याखाली ठेवलीय. प्रणय तुझा नवरा, माझा सख्खा मुलगा, पण त्याच्याही हातात कधी दिली नाय.

रविवारी हर्सूलच्या तलावापर्यंत जाऊ. लायसन सोबत घे. मी डाव्या बाजूला बसेन.

बाबा