शीर्षकातली केळी

८ जाने.
आज सकाळी पूजा झाल्यावर देवापुढची दोन केळी उचलली, कपाळाला लावली आणि डब्याच्या पिशवीत घालून कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागात नेली. अश्विनी केळी जाळून राख करतेय, तिच्या भट्टीत थोडी जागा उरली होती. प्रसाद जाळायचा म्हणून क्षणभर हात थांबला. मग वाटलं, पाहण्यासाठीच तर जाळतोय.

अश्विनी तृतीय वर्षाची, सावद्याची. घरची केळीची बाग; माझ्या देवापुढची केळीही तिथलीच. केळीत पोटॅशियम, त्यातला अगदी थोडा अंश निसर्गतःच किरण सोडतो. तो तिला आमच्या जुन्या गायगर काउंटरवर मोजायचाय. धुळ्याच्या विद्यार्थी विज्ञान संमेलनाला त्यावर निबंध पाठवायचाय.

११ जाने.
राख बोलली! काउंटरखाली काही नसताना होते त्यापेक्षा टकटक स्पष्ट जास्त. पोरीने पुन्हा पुन्हा मोजलं, मग स्टुलावरून उडीच मारली. मला चहा पाजला. साखर दुप्पट.

१३ जाने.
तिच्या वडिलांचा, प्रकाशभाऊंचा फोन. "सर, आमाले केयी इकू द्याल का नाही? किरणं हायेत म्हटलं का व्यापारी भाव पाडतीन!"

विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "निबंधाच्या शीर्षकात केळीऐवजी 'कृषी उत्पादन' लिहा, विषय संपला." अश्विनी मान खाली घालून, "केळीच काढली तर माझं काय उरलं, सर? मग पाठवूच नका."

बघतो म्हणालो. बाप-लेक दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत.

१५ जाने.
घात. काउंटरखाली काहीच नाही, तरी टकटक दुपटीवर. वायर बदलली, काउंटरची जागा तीच. म्हणजे राखेचे आकडेही खोटे? तसं असेल तर शीर्षकाचा वादच मिटला. अश्विनी डबा न खाता गेली. संध्याकाळी हरिपाठात लक्ष नव्हतं.

१६ जाने.
काय हसलो आज!

प्रकाशभाऊ आले. परवा त्यांनी जळगावात पोटॅश खताची गोणी घेतली, टेम्पो मिळाला नाही, म्हणून इथे विभागात लेकीकडे ठेवून गेले होते. तिने ती लाजून काउंटरच्या टेबलामागे सरकवलेली. भाऊंनी गोणी खांद्यावर घेतली, दाराकडे निघाले, आणि टकटक मंदावली.

"पप्पा, थांबा! परत ठेवा!"

ठेवली. टकटक वाढली. मग गोणी आत, गोणी बाहेर. भाऊ घामाघूम. "मले हमाल केलं का तुमी?"

मग गोणी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे मी बागेत टाकतो, तेच हे?"
"तेच. थोडं केळीत जातं. तुमच्या-माझ्या अंगातही असतंच. खायला धोका नाही."
"मंग भ्याचं कायले?" पण निघताना, "तरी नावाचं पहा, सर."

राखेचे आकडे खरे. गोणी नव्हती तेव्हाचे.

१९ जाने.
शेवटची तारीख. सकाळी मीच भाऊंना फोन केला. शीर्षकात केळी ठेवतोय, खाली धोका नसल्याचंही ठळक लिहितोय, असं सांगितलं.  भाऊ म्हणाले, "ठेवा. पोरीनं मोजलं हाये."

निवड होईल न होईल. मॅडमना कळवलं. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

दुपारी पाठवलं. पहिलं नाव अश्विनीचं. शीर्षक: 'सावद्याच्या केळीतील नैसर्गिक किरणोत्सर्ग'.

'सावद्याच्या' हा शब्द तिने अगदी शेवटी घातला. मी तो खोडला नाही. भाऊंना अजून सांगायचंय.