शोभेची झाडं

१२ मार्च, बुधवार
आक्काताई फुटपाथवर पडली! शेजारीण माझी. कित्येक वर्सं आम्ही दोघी सकाळी त्या वाटंनं मारुतीला जातोय – सांजंला तिथं अंधार गुडुप, म्हणून सकाळी. आज येताना उशीर झाला. नवी फरशी तापलेली, सावलीला एक काडी न्हाय. डॉक्टर म्हणला, ऊन लागलंय, घाबरू नका. पर आक्काताईनं चपला माळ्यावर टाकल्या. "आता तिरडीवरच बाहेर पडीन."
"तिरडीला बी सावली न्हाय त्या वाटंला," मी म्हणलं.
हसली न्हाय. म्हंजे काम गंभीर हाय.

१३ मार्च, गुरुवार
मला अक्षर येत न्हाय. मी सांगते, सून लिवती. रचना. मग सुनेच्या कागाळ्या कुठं लिवायच्या? आज आमटी आळणी होती – हे लिव गं!
लिवलं.
ठरलं. त्या वाटंवर झाडं आणायची. सरकारी पैशानं. आक्काताईला परत चालवत नेली न्हाय तर नाव बदलीन.

१८ मार्च, मंगळवार
वॉर्डाच्या हापिसात गेलतो. हितं सरकारी कारभार कानडीत. साहेब तरणा. "अज्जी, कुंद्री," कानडीत बस म्हणला, बसले. रचनानं अर्ज काढला: सावलीची झाडं पायजेत. साहेबानं मान हलवली. "झाडांना यंदा पैसा न्हाय. सुशोभीकरणाचा थोडा उरलाय, तो बी मार्चअखेर परत जाणार."
"मग शोभेची झाडं लिवा की! शोभेच्या झाडाची सावली काय वेगळी पडती?"
साहेब हसला. रचनानं तिथंच कानडीत नवा अर्ज लिवला – अलंकारिक मर, म्हंजे शोभेचं झाड. मी अंगठा दिला, चांगला दाबून!
वाटंत सून म्हणते, "आत्या, तुम्ही आमदार व्हायला पायजे हुतं."
व्हय की. पर मग तुझ्या आमटीवर लक्ष कोण ठेवणार?

२९ मार्च, शनिवार
मंजूर!!
आक्काताईला सांगितलं. "कुठलं झाड?" म्हणते.
"फुलाचं. बहावा आसंल, कांचन आसंल."
"सावली पडंस्तवर मी ऱ्हातेय व्हय?"
"आता वाढलेलीच झाडं आणत्यात, ट्रकातनं. तू चपला तेवढ्या खाली काढ."
"आधी झाड बघीन, मग काढीन." लई चिकट बाई!

१५ एप्रिल, मंगळवार
खड्डे पाडलेत. एवढुसे! ह्यात मूळ कुठं बसायचं? रचना म्हणते, "आत्या, इंजिनेराला कळतंय." गप बसले. (गप बसले – हे दोनदा लिव, परत घडणार न्हाय.)
खड्ड्याखड्ड्यातनं काळी नळी बी फिरवलीय. पाण्याची सोय! सरकार उगंच नावं ठेवून घेतंय.

२४ एप्रिल, गुरुवार
झाडं आली. गुलाबी फुलांनी लगडलेली, एक पान सुकलेलं न्हाय. कौतुकानं हात लावला.
पिलॅस्टिक!
लोखंडाचं खोड. फुलाफुलात बल्ब. नळीत पाणी न्हाय, वायर. बसवणारा म्हणतो, "अलंकारिक मर, अज्जी. अर्जात हेच हाय." रचना ओढणीत तोंड घालून हसत होती. लिव, लिव – हसत होती!
"अर्ज कुणी लिवला गं?"
"शब्द कुणाचा हुता, आत्या?"
माझाच.
खाली बसून बघितलं. सावली पडती, पर चाळणीची.
बरं. पुढच्या मार्चला 'सावलीचे दिवे' मागते – झाडं येतील! पर आक्काताईला आता काय सांगू? आज तिच्या दारावरनं खाली मान घालून आले.

२५ एप्रिल, शुक्रवार
दिवेलागणीला दार वाजलं. आक्काताई. पायात चपला!
"चल की गं, तुझी झाडं पेटल्यात म्हणं. बघून येऊ."
"अगं, पर ऊन..."
"आता कुठलं ऊन, येडे?"
गेलो. सगळी वाट गुलाबी उजेडात. मारुती सांजंला बी तिथंच हुता.