ढोलकीचे चौथे कलम

मी, नीलाबाई पेमा राठोड, वय बहात्तर, धंदा शेती, धर्म ख्रिस्ती, राहणार डोंगरकड्याजवळचा तांडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, माझ्यामागे काय कुणाला जावे ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही. गुडघे गेलेत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत.

१. घर आणि विहिरीकडची शेती मुलगा कुलदीप याला. पुढची पडवी मात्र दर रविवारी उपासनेसाठी उघडी राहील. मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सभासद होताना मी, माझे मालक आणि धाकटा दीर वसराम असे तिघे मंडळीसमोर उभे राहिलो आणि वचन दिले, की उपासना चुकवणार नाही, देताना हात आखडणार नाही, एकमेकांना सोडणार नाही. मालक वचन पाळून गेले. मी पाळते आहे.

२. चांदीची कडी मुलगी रीता हिला. ती मोडून नवीन काही करू नये असे मला वाटते. ती ऐकणार नाही, हेही माहीत आहे.

३. उपासनेनंतर सगळे एकत्र जेवतात त्या प्रीतिभोजनाचे मोठे पातेले मंडळीला. तांड्यात लग्नकार्याला कुणीही मागितले तर द्यावे, घासून परत घ्यावे.

४. पडवीतली ढोलकी वसरामला; उपासनेत तोच ती वाजवायचा. एका कापणीच्या सणाला त्याने आपला लाडका बोकड देवाला वाहिला. आमच्यात वाहिलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो, आणि आपली वस्तू आपणच बोली लावून परत नेता येते. त्याच्या मनात तेच होते. मला काय ठाऊक? देवाच्या कामाला चार पैसे जास्त जावेत म्हणून मी बोली वाढवत गेले. बोकड मला सुटला आणि त्याच दिवशी वर लिहिलेल्या पातेल्यात गेला. वसराम ढोलकी खाली ठेवून उठला, तो पुन्हा उपासनेला आला नाही. चूक माझी नव्हती, हे इथेही नमूद करते. पण तेव्हापासून आमची गीते नुसत्या टाळ्यांवर चालली आहेत, आणि दर रविवारी दाराकडे बघून माझा जीव तुटतो. तिघांनी दिलेले वचन मी एकटीने कसे पाळू? म्हणून ढोलकी त्याचीच. उपासनेला यायची अट नाही.

सहीपूर्वीची दुरुस्ती: दुसरा साक्षीदार म्हणून कुलदीपने मला न विचारता वसरामलाच आणले. वकिलांनी सगळे वाचून दाखवले आणि सांगितले, की साक्ष करणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नसते, तेव्हा साक्ष किंवा ढोलकी, एकच होईल. वसरामने साक्षीसाठी पेन उचलले. मग म्हणाला, "वैनी, मेल्यावर काहून देता? आताच द्या. रविवारी येऊन राहिलो मी."

मी म्हणाले, "अन् बोकडाचं?"

"लई चांगला लागला म्हणतेत. मला कुठं भेटला खायाला?"

सबब कलम चार रद्द. ढोलकी आज माझ्या हाताने त्याला दिली.

ठिकाण: राहते घर, पडवी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

नीलाबाई पेमा राठोड (सही)

साक्षीदार:
१) धनसिंग चव्हाण, शेजारी (सही)
२) वसराम राठोड, दीर, मंडळीचा सभासद (सही. शेवटचे दोन शब्द त्याने स्वतः लिहायला लावले.)