झगा धुवायचा नाही

४ मार्च

पोचले! बोट, मग जीप, मग पाठीवर पिशवी टाकून तासभर चिखल तुडवला. खोली क्रमांक चार : पत्र्याचं छप्पर, एक खाट, तीन भोकांची मच्छरदाणी, अंघोळीला बाहेरचा सामायिक नळ. दाराला कडी आहे, लागत मात्र नाही. मला तर राजवाडाच वाटला. बारा वर्षं व्यासपीठावरून 'जंगल वाचवा' म्हणून घसा फोडला. आता तीन आठवडे तोंडाऐवजी हात चालवायचे. चोवीसला परत. ताईचे दिवस भरत आलेत, लग्नानंतर अकरा वर्षांनी. निघताना म्हणाली, आधी माकडांची मावशी होऊन ये, मग माझ्या बाळाची हो.

५ मार्च

इथे अनाथ पिल्लं वाढवून जंगलात सोडतात. माझ्या वाट्याला आलंय दीड महिन्याचं माकडाचं पिल्लू. आई विजेच्या तारेला चिकटून मेली. याची पकड अशी की सगळे त्याला चिमटा म्हणतात.

खोलीतल्या खुंटीवर एक निळा झगा होता. आधीच्या बाईंनी सोडलेला, वासाने नाक जळेल असा. मी बादलीकडे वळले, तर स्वयंपाकघरातल्या काकू धावत आल्या. म्हणाल्या, अहो बाई, धुवायचा नाही! दर तीन आठवड्यांनी माणूस बदलतो, झगा बदलत नाही. पिल्लांची आई म्हणजे हा झगा. आणि अंगात झगा असताना बोलायचंही नाही. आवाजाची सवय लागली की तुमच्यामागे ती झुरतात.

वादविवाद शिकवणारीला गप्प बस म्हणायचं! काकूंना म्हटलं, मासळीला पोहू नको म्हणा. त्यांनी हातातला डाव नाचवला आणि म्हणाल्या, मासळीचं मी काय करते ते दुपारी ताटात बघा.

९ मार्च

आज मी झगा धुतला.

अडाणीपणापुढे मान तुकवायची नाही, हे मी आयुष्यभर शिकवत आले. चिमट्याच्या पोटावर पुरळ उठलं होतं आणि झग्यावर बुरशी. स्वच्छता हा पहिला उपचार, हे कुणीही सांगेल. साबण लावून खसाखसा घासला, उन्हात वाळवला. कुणाला सांगितलं नाही. ज्याला निकाल दिसेल त्याला आपोआप पटेल.

१० मार्च

चिमटा मला ओळखत नाही. झग्याला नाक लावतो आणि किंचाळतो. सकाळपासून थेंबभर दूध नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, विचारलं, काही बदललंय का? मी नाही म्हटलं.

दुपारी न राहवून त्याच्याशी बोलले. जंगलावरचं माझं नेहमीचं भाषण, हळू आवाजात. तो शांत झाला. माझा आवाज चालू होता तोवर बाटली ओढत राहिला. थांबले, की बाटली सोडली.

१३ मार्च

बोलतेय. पहाटेपासून बोलतेय. पाढे, अंगाईगीतं, स्पर्धेतली जुनी भाषणं, ताईच्या खोड्या. काकूंनी खिडकीतून पाहिलं, म्हणाल्या, उचलली जीभ लावली टाळ्याला! आता शेवटपर्यंत निभावा. घसा सोलवटलाय.

१५ मार्च

आवाज पार बसला. सकाळी तोंडातून हवाच आली. डॉक्टरीणबाईंनी नळीने दूध घालून पाहिलं. चिमट्याने माझ्या ओठांवर हात ठेवला होता. दुपारी दोनला गेला. झग्यात अडकलेली त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

१८ मार्च

आवाज परत आला. नळावर काकूंना 'पाणी आलं का' विचारलं, आणि छातीवर वजन आलं. चार मुठींनी सदरा धरला. खाली पाहिलं, काही नाही. फक्त कापडावर चार चुण्या.

गप्प बसले. वजन उतरलं.

१९ मार्च

वेड नव्हे. पाच वेळा करून पाहिलं. बोलले की येतो. गप्प बसले की थोड्या वेळाने उतरतो. दर वेळी जास्त जड. सगळे सदरे छातीपाशी ओले, दुधाचा आंबूस वास.

२० मार्च

कागदावर लिहून काकूंना सगळं कबूल केलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, वास तुम्ही धुऊन टाकलात, आवाज तेवढा दिलात. आता तो आवाजामागेच येणार. वाऱ्यावर कुठवर जाईल तुमचा आवाज, तिथवर.

उद्या निघते. झगा इथेच खुंटीवर ठेवते. काय सांगावं, थांबेल.

२१ मार्च, सकाळी

पिशवी भरली, मच्छरदाणी गुंडाळली. मुक्यानेच सगळ्यांचा निरोप घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वक्त्या बाईंना आम्ही शेवटी गप्प केलंच! सगळे हसले. काकू नाही हसल्या.

२१ मार्च, धक्क्यावर, दुपारी

एक शब्द बोललेले नाही. छाती हलकी. बोट तीनला.

ताईचा फोन. पहाटे मुलगी झाली! ताई रडत होती, हसत होती. म्हणाली, फोन तिच्या कानाला लावते, मावशीचा आवाज ऐकू दे तिला. एकच शब्द. मी म्हटलं, बाळे.

वजन आलं. आणि लगेच गेलं. इतकी हलकी मी कित्येक दिवसांत नव्हते. धक्क्यावर उड्या माराव्यात असं—

चार वाजता

पुन्हा फोन. बाळ अंगावर पीत नाही. ताईचा गाऊन मुठीत धरलाय, सुटत नाही. नर्स म्हणते, एवढ्याशा मुठीत एवढी ताकद? ताई म्हणाली, मघाशी तुझा आवाज ऐकून शांत होती बघ. बोल ना काहीतरी.

बोलले. प्यायली.

थांबले. सोडलं.

सहा

बोट. एका हातात फोन, दुसऱ्याने लिहितेय, तोंड चालूच. पाढे. भाषणं. ताईला काय सांगू— सांगायला थांबावं लागेल. घरी पोचायला उद्याची दुपार.

साडेआठ

घसा—

सतराचा पाढा दोनदा चुकले. पाणी पिताना थांबले तेवढ्यात तिकडे किंचाळी. माणसाच्या बाळाची नव्हती ती—

अकरा

नुसती हवा येतेय. ताई विचारतेय, का थांबलीस, अगं बोल, ही बघ ना कशी तोंडावर हात ठेवतेय माझ्या, बोल ना, हिने दूध सो—