गजराचा सेल

आबा,

तुमच्या पार्किन्सनच्या गोळ्यांची वही दाखवायला सांगलीला डॉक्टरांकडे जाते. आमटी झाकून ठेवलीय.

गोळीची आठवण राहावी म्हणून आणलेल्या गजराच्या घड्याळाचा सेल मी सोमवारीच टीव्हीच्या रिमोटला घातला आणि विसरले. तरी आठवडाभर तुमची एकही गोळी चुकली नाही. विचारलं तर म्हणालात, "अगं, तुझी सासू हाक मारती की." आईंचं वर्षश्राद्ध आपण दोघांनीच केलं, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, म्हणून वाद घातला नाही.

असं काही ऐकू यायला लागलं तर कळवा, औषध बदलू, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी घड्याळाचंच नाव सांगणार आहे.

आईंना म्हणावं, माझी बीपीची गोळी सकाळी नऊला असते.

संयोगिता